पहिला संगणक स्वतः जुळवताना : नागपुरातील ग्राहकाने सुटे भाग आणि दुकान कसे निवडावे

नागपुरात बर्डीवरच्या (सीताबर्डी बाजारातल्या) एखाद्या दुकानात जाऊन ‘गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायचा आहे’ असे म्हटले की पाच-दहा मिनिटांत हातात एक कोटेशन पडते. त्यावर बहुधा एवढेच लिहिलेले असते : आय५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ४५० वॉटचा एसएमपीएस (भागांना वीज पुरवणारा डबा), आरजीबी कॅबिनेट आणि खाली एक गोल आकडा. पहिल्यांदा खरेदी करणाऱ्याला हे कोटेशन भरगच्च वाटते, पण प्रत्यक्षात त्यात एकाही वस्तूचे नाव नाही. आय५ हे नाव २०१२ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रोसेसरलाही आहे आणि २०२३ च्या चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरलाही आहे. एच६१ या जुन्या चिपसेटचा नव्याने बनवलेला मदरबोर्ड (सगळे भाग ज्याला जोडतात तो मुख्य बोर्ड) आणि त्यावर जुन्या संगणकांतून काढलेला तिसऱ्या पिढीचा आय५ बसवून, वर रंगीत दिव्यांचे कॅबिनेट चढवून ‘नवा गेमिंग पीसी’ विकणारे विक्रेते ऑनलाइनही आहेत आणि दुकानांतही आहेत. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे असा संगणक घरी येतो त्याच दिवशी कालबाह्य झालेला असतो. ‘४ जीबी ग्राफिक्स कार्ड’ या शब्दांमागेही पुष्कळदा २०१४ साली आलेले जीटी ७३० दडलेले असते. त्याची ४ जीबी मेमरी खरी असते, पण आजचे खेळ चालवण्याइतका दम त्या चिपमध्ये नसतो.

म्हणून पहिला नियम असा की प्रत्येक भागाचा कंपनीसह पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून दिल्याशिवाय कोटेशनला कोटेशन मानू नये. हा आग्रह धरला की समोरचा दुकानदार कसा आहे तेही लगेच कळते. चांगला दुकानदार न कुरकुरता क्रमांक लिहून देतो, किंबहुना तोच आधी विचारतो की संगणक नेमका कशासाठी हवा आहे.

या लेखातील सगळा सल्ला एका गोष्टीभोवती फिरतो. नवखा माणूस आधी भाग ठरवतो आणि मग तो सर्वांत स्वस्त कुठे मिळतो ते शोधतो. नागपूरसारख्या शहरात मात्र भाग आणि दुकान हे दोन वेगळे निर्णय नाहीत. कोणती वस्तू बिघडण्याची शक्यता किती, बिघडल्यास ती कोण परत घेणार, त्यासाठी ती मुंबईला पाठवावी लागणार की येथेच काम होणार, आणि तोवर आपले काम अडणार का, या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच त्या वस्तूची खरी किंमत ठरते.

सुरुवात खर्चाच्या अंदाजाने करावी आणि त्या अंदाजात मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस आणि विंडोजचा परवाना हे सगळे धरावे. ‘पीसी साठ हजारांत बसवला’ असे सांगणाऱ्यांनी बहुधा फक्त डब्याची किंमत सांगितलेली असते. केवळ अभ्यास, ऑफिसचे काम, टॅली, प्रोग्रामिंग आणि चित्रपट एवढीच गरज असेल, तर वेगळे ग्राफिक्स कार्ड मुळीच घेऊ नये. प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स त्याला पुरते आणि वाचलेले पैसे चांगल्या मॉनिटरवर घालवता येतात. फक्त इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेर ‘एफ’ असते, त्यात हे अंगभूत ग्राफिक्स नसते. तीच गोष्ट इंटेलची प्रतिस्पर्धी कंपनी असलेल्या एएमडीच्या ७५००एफ आणि ८४००एफ यांची. स्वस्त मिळाला म्हणून असा प्रोसेसर घेऊन घरी आल्यावर पडद्यावर काहीच दिसत नाही, असा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला आलेला आहे.

प्रोसेसर निवडताना त्याच्या वेगापेक्षा तो मदरबोर्डवरच्या ज्या सॉकेटवर (खाचेत) बसतो ते सॉकेट किती काळ चालणार, याला मी अधिक महत्त्व देतो. एएमडीचे एएम४ सॉकेट रायझन प्रोसेसरांसोबत २०१७ मध्ये बाजारात आले आणि त्यासाठी पुढे कित्येक वर्षे नवे प्रोसेसर येत राहिले, त्यामुळे जुना मदरबोर्ड न बदलता लोकांनी दोन-दोन पिढ्या पुढे उडी मारली. २०२२ मध्ये आलेल्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत आणि त्यानंतरही आधार देण्याचे एएमडीने जाहीर केलेले आहे. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट मात्र बारावी ते चौदावी पिढी चालून थांबले आणि पुढच्या प्रोसेसरांसाठी वेगळे एलजीए १८५१ आले. याचा अर्थ इंटेल घेऊ नये असा नाही. बाराव्या पिढीचा आय५ आजही बहुतेक कामांना पुरून उरतो. परंतु पुढे तीन-चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलण्याचा विचार असेल, तर एएम५ हा शहाणा रस्ता आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या प्रोसेसरांत अस्थिरतेचा दोष आढळला होता आणि कंपनीने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या अंतर्गत सूचनांची) दुरुस्ती देऊन वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर घ्यायचाच असेल, तर मदरबोर्डचे बायोस (संगणक सुरू करणारे त्यातले मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत करून मगच तो वापरात आणावा. बायोसची अडचण एएमडीकडेही येते. रायझन ९००० मालिकेतील प्रोसेसर जुन्या साठ्यातील बी६५० चिपसेटच्या एएम५ बोर्डवर बसवला, तर बायोस जुने असल्यास संगणक सुरूच होत नाही. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचे बटण असलेला बोर्ड घेतल्यास प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस बदलता येते. पहिल्यांदा संगणक जुळवणाऱ्यासाठी त्या एका बटणाचे मोल आरजीबी दिव्यांपेक्षा कितीतरी अधिक आहे.

रॅमच्या बाबतीत सध्या काळ कठीण आहे. डेटा सेंटरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले आणि दुकानदाराने आज दिलेला भाव उद्या टिकेलच असे राहिलेले नाही. एरवी एकाच क्षमतेच्या दोन पट्ट्या घ्याव्यात, कारण दोन पट्ट्यांमुळे प्रोसेसरला माहिती पोहोचवणारे दोन मार्ग खुले होतात. अंगभूत ग्राफिक्सवर खेळ खेळायचे असतील, तर हा फरक डोळ्यांना दिसण्याइतका मोठा असतो. वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल आणि खिसा तंग असेल, तर आज १६ जीबीची एकच पट्टी घेऊन दुसरी जागा मोकळी ठेवणे हेही मला चूक वाटत नाही. आणखी एक बाब दुकानात कोणी सांगत नाही, ती अशी की ६००० वेगाची डीडीआर५ रॅम बसवली तरी बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी नावाची वेगाची सेटिंग सुरू केल्याशिवाय ती कमी वेगानेच चालते. कित्येक जण वेगवान रॅमचे पैसे मोजून वर्षानुवर्षे ४८०० वरच काम करत असतात.

एसएसडीवर (माहिती साठवणाऱ्या भागावर) फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मदरबोर्डवरच्या एम.२ जागेत बसणारी एनव्हीएमई प्रकारची, नामांकित कंपनीची आणि किमान पाच वर्षांची वॉरंटी असलेली एसएसडी घ्यावी, म्हणजे काम भागते. जुन्या साटा प्रकारच्या एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीशी थांबतो आणि साधी एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट पुढे जाते.

आता एसएमपीएसकडे वळू, कारण पहिल्या संगणकाची सर्वांत मोठी चूक येथे होते. माझ्या पहिल्या संगणकात कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएसच बसवला होता. त्यावर ५०० वॉटचा चकचकीत कागद चिकटवलेला होता आणि तो हातात घेतल्यावर रिकाम्या डब्यासारखा हलका लागत होता. ऐन नवतप्यातल्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतल्या) एका दुपारी संगणक खेळ सुरू करताच बंद पडू लागला. दुकानात घेऊन गेलो, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने अतिशय शांतपणे सांगितले, ‘‘भाऊ, एसएमपीएसची वॉरंटी नसते, तो तर कॅबिनेटसोबत फुकट होता.’’ त्याचे म्हणणे एका अर्थी बरोबरच होते, कारण माझ्याकडच्या कच्च्या बिलावर एसएमपीएसचा उल्लेखच नव्हता.

एसएमपीएस घेताना कंपनी, मॉडेल आणि वॉरंटीची वर्षे या तीन गोष्टी पाहाव्यात. ८० प्लस ब्राँझ किंवा गोल्ड हे शिक्के वीज किती वाया जाते एवढेच सांगतात. आतील संरक्षक व्यवस्था किंवा सुट्या घटकांचा दर्जा ते सांगत नाहीत, म्हणून केवळ शिक्क्यावर भरवसा ठेवू नये. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक वॉरंटी देणारी कंपनी आपल्या मालाबद्दल काहीतरी सांगत असते. आरटीएक्स ५०६० सारखे ग्राफिक्स कार्ड स्वतः सुमारे १४५ वॉट घेते. त्यासोबत मध्यम प्रोसेसर असेल, तर चांगल्या प्रतीचा ५५० वॉटचा एसएमपीएस आरामात पुरतो आणि ७५० वॉटचा हलक्या प्रतीचा एसएमपीएस घेणे हा त्याला पर्याय होत नाही.

एसएमपीएसचा विचार भिंतीतल्या प्लगपाशी जाऊन संपतो. महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांतील काही घरांत प्लगला तिसरे भोक असते, पण त्यामागे अर्थिंगची तार नसते. अशा प्लगवर संगणक लावला की कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागताच बारीक मुंग्या येतात. ही संगणकातील खराबी नसते. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पाझरणाऱ्या सूक्ष्म प्रवाहाला जमिनीत जाण्याची वाट नसते, म्हणून तो कॅबिनेटवर साचतो. संगणक घेण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावे. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागे बहुधा एक छोटा खटका असतो, त्याच्या एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘वाइड’ असे लिहिलेले असते. वीज गेल्यावर एसएमपीएस आतल्या कपॅसिटरच्या भरवशावर साधारण सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकाच वेळ काढू शकतो आणि नॉर्मल स्थितीतील इन्व्हर्टरला बदल करायला त्याहून अधिक वेळ लागू शकतो, त्यामुळे संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. खटका यूपीएसवर ठेवल्यास हे टळते. स्वतंत्र यूपीएस घ्यायचा असेल, तर ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात साधारण ३६० वॉटच देतो हे लक्षात ठेवावे. ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकासाठी १००० व्हीएच्या खाली जाऊ नये.

नागपूरचा उन्हाळा हा सुट्या भागांच्या निवडीतला एक भागच समजावा. परदेशी परीक्षणांत प्रोसेसरचे जे तापमान दाखवतात, ते २०-२५ अंशांच्या खोलीतले असते. बाहेर पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना आपल्या वरच्या मजल्यावरील खोली सहज ४० अंशांना पोहोचते, आणि खोली जितक्या अंशांनी तापते साधारण तितक्याच अंशांनी आतील प्रोसेसरही तापतो. परीक्षणात ७० अंश दिसलेला प्रोसेसर येथे मे महिन्यात ८५ च्या आसपास जाईल. रायझन ९५ अंशांपर्यंत आणि इंटेल साधारण १०० पर्यंत स्वतःला सांभाळून घेतात, त्यानंतर वेग कमी करतात, त्यामुळे जळून जाण्याची भीती कमी असली तरी पैसे मोजून घेतलेला वेग ऐन दुपारी हातून जातो. म्हणून पुढची बाजू पूर्ण काचेची असलेले कॅबिनेट कितीही सुंदर दिसले तरी घेऊ नये. पुढे जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर आणि किमान दोन पुढचे व एक मागचा पंखा असलेले कॅबिनेट घ्यावे. मदरबोर्डही असाच पाहावा. प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या घटकांवर धातूचा उष्णताशोषक नसलेले स्वस्त एच६१० किंवा ए६२० बोर्ड लहान प्रोसेसरसाठी ठीक आहेत, पण त्यावर आठ-दहा कोअरचा प्रोसेसर बसवून नागपुरात उन्हाळा काढणे हा जुगार आहे. शिवाय आपल्याकडे खोलीत कूलर असतो. कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, कारण त्या ओलसर हवेत धूळ पंख्यांच्या पात्यांवर चिखलासारखी बसते आणि कूलरला नव्या ताट्या (गवताच्या जाळ्या) लावल्या की सुरुवातीचे काही दिवस झोतासोबत पाण्याचे तुषारही येतात.

ग्राफिक्स कार्डाबद्दल एवढेच सांगतो की आज नवे कार्ड घेताना ८ जीबी मेमरी ही तळाची पायरी मानावी आणि शक्य असल्यास १२ किंवा १६ जीबीचे कार्ड घ्यावे. आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही कार्डे ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात, त्यामुळे बिलावर जीबीचा आकडा लिहिलेला आहे ना ते पाहावे. कार्डाची लांबी कॅबिनेटमध्ये मावते का, हेही आधी मोजावे. जुने कार्ड घ्यायचे असेल तर ते डोळ्यांसमोर अर्धा तास चालवून दाखवणाऱ्याकडूनच घ्यावे.

भाग ठरल्यावर कोणती वस्तू कुठून घ्यावी याचा विचार करावा. कॅबिनेट आणि मॉनिटर मी नागपुरातूनच घेतो, कारण काच प्रवासात फुटते आणि मॉनिटरवरचा एखादा मृत बिंदू दुकानातच चालू करून पाहिल्यास तेथेच बदलून मिळू शकतो. एसएमपीएस आणि मदरबोर्ड हे बिघडण्याची शक्यता अधिक असलेले भाग आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन-पाचशे रुपये अधिक गेले तरी शहरातील दुकान बरे पडते. सील असलेला प्रोसेसर क्वचितच बिघडतो आणि त्यावर निर्मात्याची तीन वर्षांची वॉरंटी असते, म्हणून तो ऑनलाइन स्वस्त मिळाल्यास निःशंक घ्यावा. फक्त तो डब्यातला असावा, ‘ट्रे’ प्रकारचा, म्हणजे डब्याविना सुटा विकलेला नसावा, कारण ट्रेवरच्या प्रोसेसरची जबाबदारी निर्मात्यावर नसून विकणाऱ्यावर असते. कोलकात्याचे एमडी कॉम्प्युटर्स आणि वेदांत कॉम्प्युटर्स, मुंबईचे प्राइमएबीजीबी अशी केवळ संगणकाचे भाग विकणारी दुकाने देशभर माल पाठवतात. त्यांचे भाव पाहून मगच बर्डीवर घासाघीस करायला जावे. अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्टवर मात्र विक्रेता कोण आहे ते आधी वाचावे, कारण एकाच पानावर दहा वेगवेगळे विक्रेते बसलेले असतात, आणि वस्तू परत केल्यावर पैसे मिळणार की फक्त बदली वस्तू मिळणार, हेही पाहून घ्यावे.

दुकानदार ‘‘काही होत नाही भाऊ, मी बसलो आहो ना इथं’’ असे म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही, परंतु वॉरंटी त्याच्या शब्दावर नसते, ती डब्यावरच्या लेबलवर असते. आयात केलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचे नाव आणि पत्ता, निर्मितीचा देश, महिना-वर्ष आणि सर्व करांसह कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने आवश्यक आहे. हे लेबल नसेल तर तो माल अधिकृत वितरकामार्फत आलेला नसण्याची दाट शक्यता असते आणि अशा मालाची वॉरंटी भारतात नाकारली जाऊ शकते. डबा हातात घेऊन लेबलवरचा सिरियल क्रमांक आणि आतील वस्तूवरचा क्रमांक जुळतो का, ते काउंटरवरच पाहावे. खरेदीआधी कंपनीच्या संकेतस्थळावर नागपुरातील सर्व्हिस सेंटर शोधावे आणि सापडले तर फोन करून ते खरोखर मदरबोर्ड किंवा ग्राफिक्स कार्ड स्वीकारतात का, हे विचारावे. नाव एका कंपनीचे असूनही काही केंद्रे फक्त लॅपटॉप घेतात.

बिल पक्केच घ्यावे. संगणकाच्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. नागपुरातील दुकानाच्या बिलावर तो ९ अधिक ९ असा दिसतो आणि कोलकात्याहून माल आल्यास एकाच ओळीत १८ टक्के आयजीएसटी असा दिसतो. ‘बिल पाहिजे तर अठरा टक्के जास्त’ असे सांगणाऱ्याकडून निघून यावे, कारण उद्या वस्तू बिघडल्यावर तो आपल्याला ओळखेलच याची खात्री नाही. बिलावर प्रत्येक भागाचा मॉडेल आणि सिरियल क्रमांक लिहून घ्यावा. एवढे करूनही विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे कोलकात्याच्या विक्रेत्याविरुद्धची तक्रारही नागपुरात दाखल होते.

ऑनलाइन मागवलेले पार्सल उघडताना आधी सगळ्या बाजूंची चिकटपट्टी दाखवून, मग न थांबता डबा उघडेपर्यंत मोबाइलवर एकच सलग चित्रफीत घ्यावी. मध्ये तुटलेली चित्रफीत विक्रेते मान्य करत नाहीत. भाग दोन-तीन ठिकाणांहून घेतले असतील, तर सगळे एका आठवड्याच्या आत हातात येतील असे पाहावे, नाहीतर मदरबोर्ड बदलून देण्याची मुदत प्रोसेसर येण्याआधीच संपते. जुळवण्याचे काम स्वतः करायचे धाडस नसेल, तर एसएमपीएस आणि मदरबोर्ड ज्याच्याकडून घेतला त्याच दुकानात मजुरी देऊन ते करून घ्यावे, पण बाजूला उभे राहून आपल्याच डब्यातील भाग आत जात आहेत ना, ते पाहावे.

संगणक सुरू झाल्यावर डबे फेकू नयेत. निदान ग्राफिक्स कार्ड, मदरबोर्ड आणि एसएमपीएसचे डबे वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवावेत, कारण दुरुस्तीसाठी पाठवताना त्याच फोमची गरज पडते. बिल मात्र माळ्यावर ठेवू नये. पुष्कळ दुकाने थर्मल कागदावर बिल छापून देतात आणि त्यावरची अक्षरे उष्णतेने उडतात. नागपुरातल्या एका उन्हाळ्यानंतर हातात कोरा कागद राहतो, म्हणून खरेदीच्या दिवशीच घरी जाताना त्याची झेरॉक्स काढून घ्यावी.